तंजावरचा बाळबोध धडा

कॉम्प्युटरनं शेकडो फॉन्ट आणि लाखो रंग घरात आणून दिले. तरीही लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता सापडत नाही आणि दुकानाची पाटी रस्त्यावरून वाचता येत नाही. असं का होतं? ग्राफिक डिझाइनची मूळ तत्त्वं शिकायची असतील, तर तामिळनाडूतल्या एका मराठी राजधानीत फेरफटका मारायला हवा!

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या मंदिरात एका भिंतीपाशी हमखास थांबतो. राजराज चोळानं १०१० साली पूर्ण केलेलं हे मंदिर. जिकडे पाहावं तिकडे दगडावर तामिळ लेख. आणि अचानक प्राकाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर ओळीमागून ओळी चक्क मराठी! शरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून १८०३ साली कोरलेला हा भोसले घराण्याचा इतिहास. तो रचला त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी. मोठमोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. भाषा दोन शतकांपूर्वीची, त्यामुळे अर्थ लागायला थोडा वेळ लागतो. पण अक्षर? ते शाळकरी मुलालाही लावता येतं.

आता तिथून राजवाड्यात चला. तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय जगप्रसिद्ध आहे. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह शरफोजींनी वाढवला आणि १९१८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. इथं मराठी राज्याच्या कारभाराच्या कागदांची हजाराहून अधिक बासनं आहेत. भाषा तीच, मराठी. राज्य तेच. त्यातल्या कितीतरी कागदांचा काळही तोच. पण ते कागद उघडले, की आजच्या मराठी माणसाला एक ओळही वाचता येत नाही. कारण ते आहेत मोडी लिपीत!

एकाच दरबारानं दोन अक्षरं वापरली. कचेरीत मोडी, भिंतीवर देवनागरी. यात काही गोंधळ नव्हता. मोडी ही कारकुनाची लिपी. बोरू फारसा न उचलता झरझर लिहिता यावं, म्हणून अक्षरं वळवलेली, मोडलेली. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही जाणकार, त्यामुळे चालून जायचं. भिंतीवरचा लेख मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासाठीही होता, पुढच्या पिढ्यांसाठीही होता. म्हणून तिथं सुटं, ठसठशीत, सावकाश कोरलेलं अक्षर.

कागद लिहिणाऱ्यानं स्वतःची सोय पाहिली, भिंत कोरवणाऱ्यानं वाचणाऱ्याची. दोनशे वर्षांनंतर कोणाचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचलं, ते उघडच आहे.

ग्राफिक डिझाइनचा पहिला धडा हाच. कागदावर काहीही मांडण्याआधी विचारायचं, वाचणार कोण? किती अंतरावरून? त्याच्याकडे वेळ किती?

सजावट नंतर, मांडणी आधी

ग्राफिक डिझाइन म्हटलं, की अनेकांना वाटतं हे जाहिरात कंपन्यांचं काम, आपला काय संबंध? प्रत्यक्षात घराघरात ते रोज चालतं. सोसायटीच्या फलकावरची सूचना, बचत गटाच्या पापडाच्या पाकिटावरचं लेबल, मुलांचा शाळेतला तक्ता, गणेशोत्सवाची पावती, मोबाइलवरून पाठवायचं बारशाचं आमंत्रण. अक्षरं, चित्रं आणि मोकळी जागा यांची मांडणी करून एखादी गोष्ट समोरच्यापर्यंत पोहोचवायची, एवढंच त्याचं साधं वर्णन.

चित्रकला उत्तम असावी लागते, हाही एक गैरसमज. हात वळणदार असला तर चांगलंच. पण मूळ तत्त्वं डोळ्यांनी शिकायची असतात, आणि ती मोजकीच आहेत. तंजावरच्या रस्त्यांवर, देवळात, बाजारात ती एकेक करून भेटतात.

ठिपक्यांची शिस्त

सकाळी तंजावरच्या कोणत्याही गल्लीतून जा. दारापुढं सडा टाकलेला असतो आणि घरची बाई तांदळाच्या पिठानं कोलम काढत असते. आधी ठिपके, सारख्या अंतरावर, सरळ रांगेत. मग त्या ठिपक्यांना धरून किंवा त्यांना वळसे घालत रेघा. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची ही जवळची बहीण. रांगोळी पूर्ण झाल्यावर ठिपक्यांकडे कोणाचं लक्षही जात नाही. पण एक रांग चुकली, तर सगळी रांगोळी तिरकी होते!

डिझाइनच्या शाळेत यालाच ग्रिड म्हणतात. रोजचं वर्तमानपत्र असंच न दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेघांवर उभं असतं. म्हणून बातम्या रोज बदलल्या तरी पान ओळखीचं वाटतं. मोडी लिहिणारे कारकूनही हेच करत. आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत.

घरी पत्रक तयार करताना एवढंच करा. डावीकडे एक उभी रेघ मनात धरा आणि सगळ्या ओळी तिथूनच सुरू करा. अर्ध्या ओळी मध्यभागी, अर्ध्या डावीकडे, एखादी उजवीकडे ढकललेली, असं केलं की कागद विस्कटलेल्या कपाटासारखा दिसतो.

मोठं कोण, धाकटं कोण?

तंजावरची चित्रं आज महाराष्ट्रातही अनेक दिवाणखान्यांत दिसतात. परंपरेनं फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, खडूच्या लगद्यानं दिलेला उठाव आणि त्यावर सोन्याचा वर्ख. या कलेला मराठी राजांच्या काळात मोठा आश्रय मिळाला. हे चित्र जरा लांबून पाहा. बाळकृष्ण असो की रामाचा पट्टाभिषेक, मुख्य देव मध्यभागी आणि सर्वांत मोठा. सेवक, भक्त, गाई बाजूला आणि लहान. भोवती कमानीची चौकट. नजर आधी कुठं जावी आणि मग कुठं वळावी, हे चित्रकारानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांतही ही युक्ती दिसते. ज्या पोथीत मूळ श्लोक आणि त्यावरची टीका दोन्ही असत, तिच्यात मूळ श्लोक पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरात आणि टीका वर-खाली बारीक अक्षरात लिहिण्याची पद्धत होती. पान उघडताच मूळ कोणतं आणि स्पष्टीकरण कोणतं, ते न सांगता कळे.

आता आपली लग्नपत्रिका घ्या. पाहुण्याला तीनच गोष्टी हव्या असतात. लग्न कोणाचं, कधी आणि कुठं. पण पत्रिकेत होतं काय? गणपतीचं चित्र मोठं, कुलदेवतांची नावं ठळक, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ लाल रंगात, आणि कार्यालयाचा पत्ता तळाशी मुंगीच्या अक्षरात! मग मुहूर्ताच्या दिवशी निम्मे पाहुणे रिक्षावाल्याला पत्ता विचारत फिरतात. देवाधर्माचा मान राखून, मानपान सांभाळूनही या तीन गोष्टी मोठ्या करता येतात. सगळंच ठळक केलं, की काहीच ठळक राहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

सोनं कुठं वापरावं?

तंजावरच्या चित्रात सोनं भरपूर असतं. पण नीट पाहिलं, तर ते दागिन्यांवर, मुकुटावर, वस्त्रांवर, कमानीवर असतं. देवाचा चेहरा साध्या, सपाट रंगातच रंगवलेला असतो. पार्श्वभूमी गडद लाल, निळी किंवा हिरवी. त्या गडद रंगावर सोनं झळकतं आणि सोन्याच्या झगमगाटात शांत चेहरा उठून दिसतो. जिथं नजर टिकायला हवी, तिथं झगमग नाही!

यालाच विरोध किंवा उठाव म्हणतात. गडदावर फिकं, जाडावर बारीक, मोठ्याजवळ लहान. पोथी लिहिणारे काळ्या शाईनं मजकूर लिहीत आणि अध्यायाची समाप्ती किंवा श्लोकाचे दंड लाल रंगानं दाखवत. एकच लाल, तोही मोजक्या जागी. त्यामुळे पानं उलटताना हवी ती जागा सापडे.

आणि आपण काय करतो? कुंकवाच्या रंगाच्या कार्डावर चकचकीत सोनेरी अक्षरं छापतो. दिव्याखाली धरलं की ती चमकतात आणि नावच वाचता येत नाही. सोनेरी रंग काठाला ठेवावा आणि मजकूर फिक्या कागदावर गडद शाईनं छापावा. पांढऱ्यावर पिवळं अक्षर तर कधीच नको. तेच पिवळ्यावर काळं असेल, तर लांबूनही वाचता येतं.

जवळची नाती आणि मोकळी जागा

जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती. अक्षरं सलग, एकाला एक लागून. वाचणाऱ्याला बराचसा मजकूर पाठ असे, म्हणून ते निभावलं. छापील पुस्तकं आली, अनोळखी मजकूर अनोळखी माणसांच्या हाती पडू लागला आणि शब्दांमध्ये जागा सोडणं गरजेचं झालं. जे एकत्र वाचायचं ते जवळ, जे वेगळं ते दूर, हा नियम एका शब्दापासून अख्ख्या पानापर्यंत लागू पडतो. पापडाच्या पाकिटावर वजन एका कोपऱ्यात, किंमत दुसऱ्या कोपऱ्यात आणि तारीख मागच्या बाजूला असेल, तर गिऱ्हाईक पाकीट फिरवत बसतं. तिन्ही एका चौकटीत आणा, काम झालं.

मोकळ्या जागेचं महत्त्व ताडपत्रावर कळतं. ताडपत्राच्या पोथीत दोरी ओवायला भोक असतं. लेखनिक त्या भोकाभोवती थोडी जागा कोरी सोडत, म्हणजे दोरीच्या घर्षणानं अक्षर झिजू नये. कडेलाही समास असे, कारण पानं कडेनंच झडतात. तिथली कोरी जागा अक्षरांची राखण करत होती. आजच्या कागदावरही ती तेच करते. पैसे मोजलेत म्हणून इंचन् इंच भरायचा, हा हिशेब छापखान्यात महाग पडतो. गच्च भरलेलं पत्रक लोक न वाचता घडी करून ठेवतात.

देवनागरीच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. इंग्रजीच्या मानानं आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि रुकाराची शेपटं. दोन ओळी फार जवळ आल्या, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. म्हणून मराठी मजकुराच्या दोन ओळींत थोडं जास्त अंतर सोडावं. छपाईत अक्षराचं माप पॉइंटमध्ये मोजतात आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. घरात वडीलधारी माणसं वाचणार असतील, तर मजकूर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नये. १४ असेल तर ती दुवा देतील!

तेच पुन्हा, पण तोल सांभाळून

बृहदीश्वराचं शिखर सुमारे २०० फूट उंच आहे. एकावर एक १३ मजले, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा लहान. कोनाडे, खांब, छोट्या छत्र्या त्याच त्या आकारात पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे एवढा डोंगर एकसंध दिसतो आणि नजर पायरी पायरीनं कळसापर्यंत चढते. हीच पुनरावृत्ती. बचत गटाची चटणी, पापड आणि लोणचं अशी तीन उत्पादनं असतील, तर तिन्हींवर नाव एकाच अक्षरात, एकाच जागी हवं. रंग बदला, चित्र बदला, पण सांगाडा तोच ठेवा. दुकानातल्या फळीवर मग गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं. एका कागदावर दोन फॉन्ट पुरे. तिसरा घ्यायचा मोह झाला, तर कारण शोधावं.

राहिला तोल. तो शिकायला तंजावरच्या बाजारात जावं. तिथं मान डोलावणाऱ्या बाहुल्या मिळतात आणि दुसऱ्या असतात गोल बुडाच्या राजा-राणी. कितीही ढकला, डुलतात आणि पुन्हा उभ्या राहतात, कारण वजन तळाशी असतं. कागदावरही वजन असतं. जाड अक्षर जड, बारीक अक्षर हलकं. गडद रंग जड, फिका हलका. एका बाजूला मोठं चित्र असेल, तर दुसऱ्या बाजूला ठसठशीत ओळ हवी. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असायला हव्यात असं नाही, कागद एकीकडे कलल्यासारखा दिसू नये एवढंच.

राजाचं पोरांसाठी पुस्तक

तंजावरात मराठी राज्य आलं १६७६ च्या सुमारास, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याबरोबर. शरफोजी गादीवर बसले १७९८ साली आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या हाती उरला किल्ला आणि त्याचा परिसर. दुसरा एखादा रंगमहालात रमला असता. शरफोजी ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि मुद्रण यांत रमले. त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा केला. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली छापून झालं होतं. महाराष्ट्रात मराठी छपाईनं अजून मूळ धरलं नव्हतं. अशा वेळी, १८०६ मध्ये तंजावरला एक मराठी पुस्तक तयार झालं. इसापच्या गोष्टींचं सख्खन पंडितांनी केलेलं भाषांतर. मराठीतल्या बालसाहित्याची सुरुवात या पुस्तकापासून मानतात. त्याचं नाव ‘बालबोध मुक्तावली’.

‘बाळबोध’ हा शब्द आज आपण जरा हिणवूनच वापरतो. बाळबोध विचार, बाळबोध वळण! पण मराठीत देवनागरी लिपीचं नावच बाळबोध आहे. बाळालाही बोध व्हावा अशी ती बाळबोध. मोडीसमोर तिची ओळखच ती होती. चांगल्या डिझाइनची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही.

पुढं मराठी अक्षराला मोठे कलावंत लाभले. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं देवनागरीचे सुबक खिळे पाडले. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी हजारो नाटकांची, पुस्तकांची, मासिकांची नावं अशी रेखाटली, की जाहिरातीतलं नाव पाहूनच नाटक गंभीर की विनोदी ते कळावं. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज कॉम्प्युटरमधून घराघरांत पोहोचला. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचं वळण आजच्या सुलेखनात आणलं आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या मोडीला आपण कुलूप लावलं, तिच्यातही सौंदर्य होतं, हे त्यांच्या कामातून दिसलं.

घरच्या घरी सराव

शिकायला सुरुवात करायची तर कॉम्प्युटर चालू करायची घाई नको. जुनी वर्तमानपत्रं, कात्री आणि डिंक पुरे. आवडलेली एक जाहिरात कापून घ्या आणि तिच्यावर पट्टीनं रेघा मारून ओळी कुठं सुरू होतात ते शोधा. मग न आवडलेली एक लग्नपत्रिका घ्या. तिचे तुकडे करा, जवळचे जवळ आणा, नको ते काढून टाका आणि नव्यानं चिकटवा. डोळे किलकिले करून लांबून पाहा. जे आधी दिसेल, तेच महत्त्वाचं आहे ना? नसेल, तर पुन्हा हलवा. शाळेत असताना अक्षराचा कित्ता गिरवत होतो, तसाच हा नजरेचा कित्ता. रोज एक, महिनाभर.

मुलांना यात पुढं शिकायचं असेल, तर वाटा खूप आहेत. मुंबईच्या जे. जे. मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ साली सुरू झाला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, तर पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र १९६९ चं. बारावीनंतरच्या ‘यूसीड’ या प्रवेश परीक्षेला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो.

आणि ज्यांना फक्त घरातली एक पत्रिका नीट छापायची आहे, त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. छापखान्यात देण्याआधी नमुना घरातल्या आजीला आणि पाचवी-सहावीतल्या नातवाला दाखवा. कोणाचं लग्न, कधी आणि कुठं, एवढंच विचारा. दोघांनीही चष्मा न शोधता, न अडखळता सांगितलं, तर पत्रिका बाळबोध झाली. खुशाल छापायला द्या!